थिनरच्या टेबलावरून उठताना

अंबडच्या एका छोट्या कारखान्यात चंद्रभागा आमच्याबरोबर कामाला. रंगाला जाण्याआधी लोखंडी पार्ट थिनरने पुसून द्यायचे, हे तिचं काम. मूळची हरसूलकडची, हाताला चपळ आणि तोंडाने फटकळ.

गेल्या हिवाळ्यात तिचे डोळे चुरचुरायला लागले, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. पुढे तर बसमध्ये शेजारणीने अत्तर लावलेलं असलं तरी तिचा श्वास कोंडायचा. घरी सासूने देवापुढची उदबत्ती बंद केली. कारखान्यात मात्र "बाईचे नखरे वाढले" अशी कुजबुज.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "थिनरच्या वाफेने शरीर बिथरलंय. आता जरासा उग्र वासही सोसणार नाही. त्यापासून लांब राहा."

सुपरवायझर अश्विन भला माणूस. म्हणाला, "चंद्रभागाताई, उद्यापासून पॅकिंगला या. पगार तोच."

"आन् माझ्या जागंवर कोण?"

"नवीन आलेली मीना बसेल."

"मंग मी नाय जात. आधी ते टेबल नीट करा. नायतर उद्या ही पोरबी अशीच खोकत बसंल."

दुसऱ्या दिवशी ती पॅकिंगला गेली नाही आणि थिनरलाही तिने हात लावला नाही. दारात स्टूल टाकून बसली. मीना तिच्या शेजारी. दुपारपर्यंत थिनरने हाताची सालं निघालेल्या आणखी दोघी बाहेर आल्या. रंगकाम अडलं, तसे मालक तणतणत आले.

"काय पाहिजे तुला?"

"वास बाहेर फेकणारा पंखा, थिनरच्या डब्याला झाकण आन् धड हातमोजे. लय नाय मागत, साहेब."

मालक अश्विनकडे वळले. त्याने मान खाली घातली, पण बोलला, "सर, खरंय ते. माझंही डोकं रोज दुखतं. मी गोळी घेऊन गप्प बसतो."

त्याच आठवड्यात पंखा बसला, झाकणं आली. हातमोज्यांसाठी आणखी दोनदा भांडावं लागलं.

मगच चंद्रभागा पॅकिंगला गेली. शिट्टी कमी झाली, पण वासांचा त्रास गेला नाही. जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

परवा मीनाची हळद झाली. मांडवात अत्तराचा घमघमाट. चंद्रभागा बाहेर, मोकळ्या वाऱ्यावर उभी राहिली आणि तिथूनच खणखणीत आवाजात हळदीचं गाणं म्हणाली. आतल्या बाया एकेक करून तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या.