तीन संघांची अदलाबदल आणि आत्या

आमच्या बास्केटबॉल लीगचा एक नियम मला मनापासून आवडतो. मालक केळीचा बडा व्यापारी असो नाहीतर पतसंस्थेचा अध्यक्ष, शंभर गुणांच्या वर संघ कुणालाच करता येत नाही. प्रत्येक खेळाडूचे गुण ठरलेले आणि गुणांप्रमाणे मानधन. खिसा गरम आहे म्हणून चांगल्या पोरी एकानेच उचलायच्या, हे चालत नाही. त्यामुळे संघ बांधणं हे डोक्याचं काम होतं, आणि जळगावच्या महिला संघाची व्यवस्थापक म्हणून ते डोकं माझं. उभा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेला, तेवढा तोरा मला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे सगळं होतं, उंची नव्हती. बास्केटखाली पाय रोवून उभी राहील अशी पोरगी भुसावळकडे होती, बावीस गुणांची. आमचे शहाण्णव भरलेले. म्हणजे कुणाला तरी काढल्याशिवाय ती येणार नव्हती. मी आमच्या गार्डवर बोट ठेवलं. अठरा गुणांची. चेंडू पुढे आणून खेळ मांडणं तिच्याइतकं कुणाला जमत नाही, पण तिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. भुसावळला गार्ड नको, नेमबाज हवी होती. नेमबाज धुळ्याकडे होती आणि धुळ्याला गार्ड हवी होती. मग मी त्रिकोण जुळवला. आमची गार्ड धुळ्याला, धुळ्याची नेमबाज भुसावळला, भुसावळची उंच पोरगी आमच्याकडे. तिन्हीकडची बेरीज शंभराच्या वर जात नव्हती. एकीकडे फिसकटलं की तिन्हीकडे फिसकटणार, एवढीच मेख. संध्याकाळपर्यंत लीगला कळवायचं होतं.

खेळाडूची संमती नियमात लागत नाही. आमची गार्ड लग्नानंतर सहा-सात वर्षं घरी बसली होती. मैदान सासरच्या गल्लीमागेच, स्वयंपाकाच्या वेळेला ती परत येते, म्हणून सासूने हो म्हटलेलं. हे मला ठाऊक होतं. पण धुळ्याला एसटी काय कमी आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं.

दुपारभर मी अंगणात फोनवर होते. शेजारी आत्या भाजलेल्या वांग्यांची सालं काढत बसली होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडली तरी कान तिखट. धुळे संघाचे नाना फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाजूने पक्कं ना? आम्ही जर्सीवर नंबर टाकायला देतोय." मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

फोन ठेवला तशी आत्या हसली. "लगीन लावी ऱ्हायनी का वं कोनं?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कोण कुठून कुठे जाणार, कशाच्या बदल्यात. तिने वांगं खाली ठेवलं.

"हाई ते साटंलोटंच शे. तीन घरनं." मग म्हणाली, "त्या पोरले कोनी इचारं का?"

"आत्या, खेळ आहे हा. यात विचारायचं नसतं," मी फटकारलं. तिने पुन्हा वांगं सोलायला घेतलं. ती गप्प झाली की मला जास्त राग येतो.

आमच्या घराला साटंलोटं काय ते सांगायची गरज नाही. आत्या भडगावला दिली, भडगावची मुलगी पारोळ्याला आणि पारोळ्याची आमच्याकडे आली. ती माझी आई. दोन-तीन वर्षांत पारोळ्याचं बिनसलं आणि भडगावची मुलगी माहेरी परत आली. मग भडगावकरांनी बदल्यात आत्याला आणून सोडलं. नवऱ्याची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. रीत म्हणजे रीत. आता आईलाही पारोळ्याला धाडा, असं गावाने सांगितलं, पण वडील अडून बसले आणि आई राहिली. आम्ही भावंडं आत्याच्या मांडीवर वाढलो. सासरच्या जाचातून सुटली बिचारी, असं घरात बोललं जायचं. ती कधी खोडून काढत नसे, म्हणून आम्ही ते खरं धरून चाललो.

मी उठून गार्डला फोन लावला. मनात धाकधूक होती, ती हो म्हणाली तर बरं होईल अशी आशाही होती. खोटं कशाला बोलू? सौदा सांगितला. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम, तुम्ही विचारताय की सांगताय?"

"विचारतेय."

"मग नाही. धुळ्याला घरचे पाठवणार नाहीत. खेळ सुटेल माझा. परत एकदा सुटेल."

"बरं," मी म्हटलं.

धुळ्याच्या नानांना कळवलं, ते तोंडभरून बोलले. भुसावळवाल्यांनी तर फोनच आपटला. त्यांचंही चुकलं नव्हतं, दोघांची जुळलेली गणितं मी मोडली होती. यंदा बास्केटखाली आमच्या पोरी पुन्हा मार खाणार, हे डोळ्यांपुढे दिसत होतं. माझं मन खट्टू झालं. येऊन आत्याजवळ बसले.

"काय म्हने ती?" आत्याने विचारलं.

"नाही म्हणाली."

"मंग?"

"मग नाही पाठवणार. मोडला सौदा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. राखेने माखलेल्या हातांनीच पदर डोळ्यांना लावला आणि ती रडायला लागली. वडील गेले तेव्हाही तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून तिची पाठ चोळत राहिले, पाणी आणू का विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

"मले तठेच ऱ्हावानं व्हतं वं, भडगावले," ती म्हणाली.