सुटी आतडी

आमच्या शेजारच्या डॉक्टरबाई जनावरांच्या. रेवसच्या रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत त्या सशांची पोटं उघडून पुन्हा शिवतात. ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत एकमेकांना चिकटतात, ती चिकटू नयेत म्हणून त्या मध्ये एक पातळ पडदा ठेवून बघतात. आमच्याकडे घावन तव्याला चिकटलं की म्हणायच्या, "बघा काका, पोटात अस्संच होतं." मग ते घावन कुणी खायचं नाही.

गेल्या वर्षी माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बाई कामावरून थेट अलिबागच्या दवाखान्यात आल्या.

"काका, उठा. माझा ससा शिवला त्याच संध्याकाळी पळायला लागला होता."

"अहो, मी काय ससा आहे?"

"म्हणून तर नुसतं चाला म्हणते."

त्यांनी मला व्हरांड्यात चालवलं. मी थांबलो की त्या जिभेने टक्‌टक् करायच्या आणि मी मुकाट्याने पुढे निघायचो. परतताना माझा वारा सरला, चांगला दणकून. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "सुटलं हो, सिस्टर, आतडं चालायला लागलं!" सगळा वॉर्ड बघायला लागला. बायकोने तोंडाला पदर लावला.

कॉटवर टेकल्यावर मी विचारलं, "तुमचा ससा आता कसा आहे?"

"आतून अगदी छान होता. काही म्हणजे काही चिकटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच उघडून बघितला."

चिकटलं की नाही ते बघायला उघडतात तेव्हा ससा पुन्हा शिवत नाहीत, आधी मारतात, हे मला त्या 'होता'वरून कळलं. बाईंनी माझी चादर सारखी केली, आणि भेटीची वेळ संपली तरी त्या उठेनात.