मार्थाबाईचं निरोपाचं जेवण

एकसष्ट साली परदेशातून सेवेला आलेली मार्था अकोटजवळच्या खेड्यात, बौद्ध वस्तीत पंचफुलाच्या घरी वर्षभर राहिली. तिथलीच भाकर खाल्ली, तिथल्याच माठातलं पाणी प्याली. तिचे परतायचे दिवस जवळ आले, तसा गावच्या बड्या घरांना तिचा एकाएकी पुळका आला.

गोदाबाईनं तिला जेवायला बोलावून थेट सैपाकघरात पाटावर बसवलं. सोबत आलेल्या पंचफुलाला मात्र अंगणातच थांबवलं, आणि तिनं पाणी मागितलं तेव्हा वरून ओंजळीत ओतायला तांब्या आणला.

पंचफुलाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं हात मागं घेतले.

"गोदाबाई, हे गोरी बाई सालभर माह्या ताटात जेवली. ते चालते, अन् मी नाही चालत? मंग तुमचं सैपाकघर तं बाटलं! जा, शिंपडा गोमूत्र!"