विस्तव मागणाऱ्या ताई

औशाच्या यमुनाबाईंचे गुडघे आता कसे आहेत? अहमदपूरच्या शेवंताबाईंचा मोतीबिंदू निघाला का? सरूच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं ना? मी नांदेडला लेकीकडे ठणठणीत आहे. आपल्या गोदावरीताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसले खरी, पण माझ्या जुन्या शेजारणींनो, तुमची विचारपूस राहिली असती तर ताईच रागावल्या असत्या.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळात गाव सोडून आम्ही शहराच्या कडेला पालं ठोकून राहत होतो. एके सकाळी ताई माझ्या दारात खापर घेऊन उभ्या. "बाई, विस्तव देता का?"

मला कीव आली. मी काड्यापेटीच त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी हसत पिशवी उघडली. आत तीन काड्यापेट्या!

"विस्तव निमित्त हाय बाई. डोळा कशानं सुजला ते सांगा."

मालकांनी मारलं होतं. गावातही ते तापट होते, पण तिथं भिंतीपलीकडे चुलतसासूबाई होत्या, माझा आवाज ऐकला की धावत यायच्या. इथं प्रत्येक पाल वेगळ्या गावचं. कोण कुणाला विचारणार?

ताईंनी मालकांनाच गाठलं. ते म्हणाले, "गावात मला मान होता. इथं कामावरचा मुकादम आईवरनं शिव्या देतो."

"शिव्या मुकादमाच्या अन् मार हिला? हा कुठला न्याय?"

दुसऱ्या दिवशी ताई मुकादमालाही खडसावून आल्या. मान गेला, शेजार तुटला, दारू जवळ आली, हे सगळं त्या समजून घेत. मारणं मात्र माफ करत नसत.

मार खाल्लेल्या बाईची चूल सकाळी पेटत नसे, म्हणून त्यांनी रीत घातली. ज्या पालाची चूल सकाळी पेटली नाही, तिथं सगळ्यांनी विस्तव मागायला जायचं. एकदा माझी पेटली नाही. दारात सात जणी, सात खापरं.

मालक वैतागले, "अहो, चूलच पेटली न्हाई, विस्तव कुठला?"

त्यांतल्या राधाबाई म्हणाल्या, "तेच इचारायला आलो भावजी. का पेटली न्हाई?"

मालकांची मान खाली गेली. पुढे एकदा पुन्हा हात उठला, तेव्हा बारा जणी आल्या. मग मालक पहाटे उठून स्वतःच चूल पेटवू लागले. ताई खापर घेऊन आल्याच. "लई छान. आता चहाबी तुम्हीच करा." चहा ते अजून करतात. हात पुन्हा उठला नाही.

आता घरोघरी गॅस आहे, म्हणून ताई विरजण मागत फिरतात. त्यांच्या पायांत असंच बळ राहो, शंभरीलाही त्या कुणाच्या तरी दारात उभ्या असोत.

आणि बायांनो, तुमची खुशाली लवकर कळवा. पत्र आलं नाही तर मी खापर घेऊन निघालेच समजा.