सासरचा लांबचा रस्ता

माहेराहून, नागापूरहून, सकाळच्या एसटीनं निघालं की पुणतांब्याला, माझ्या सासरी, दुपारच्या जेवणाला पोचता यायचं. त्या दिवाळीनंतर दादांनी मला तिथं पोचवायला जवळजवळ आठवडा लावला. दादा म्हणजे माझे वडील. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ते गाड्यांच्या बॉड्या बांधायचे. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी भंगारातली एक मेटाडोर उचलली आणि तिच्यात झोपायला दोन बाकडी, स्टोव्हला कोनाडा, खिडक्यांना पडदे असं सगळं बसवलं. आईला तिच्यातून देवदर्शनाला न्यायचं ठरलं होतं. गाडी तयार झाली तेव्हा आई राहिली नव्हती. आमच्या घरात सगळंच वरातीमागून घोडं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी त्यांना सांगून टाकलं. नवरा हात उचलतो, त्या वेळी सासू बाहेरून कडी लावून देवळात जाऊन बसते, मला परत जायचं नाही. दादा पणत्यांत तेल घालत होते. सगळं ऐकून त्यांनी हातातली पणती उंबऱ्यावर ठेवली.

"आपुन सावकाश जाऊ," ते म्हणाले. "मेटाडोर काढू. तुजी सायकल बी टाकू वर."

जाऊ म्हणाले, हे ऐकूनही मी फक्त 'सावकाश' तेवढं धरून बसले. माणूस आशेला लागला की असाच वेडा होतो.

पहिला मुक्काम सोनईला झाला, तिथून पुढं राहात्याकडच्या द्राक्षबागांत. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींना कोवळी पानं फुटली होती, घडांतले मणी अजून मोहरीएवढे होते. माणसं मोरचूद फवारत होती, त्यांची बोटं निळी झालेली. दादा टपावरून सायकल काढून द्यायचे आणि मी बागांमधल्या गाडीवाटेनं सुटायचे. लग्नाआधी कॉलेजला जायचे तीच सायकल. मागून मेटाडोर पहिल्या गिअरमध्ये कण्हत यायची. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मी सुखात होते. थंडी नुकती पडायला लागली होती आणि मला कुणी हाक मारत नव्हतं.

एका बागवाल्यानं कौतुकानं वेगळ्या चार ओळी दाखवल्या. "ही खायची न्हाईत, ताई. दारूची हायेत. कंपनी नेनार म्हंती."

"म्हंजी पिनाऱ्याला लांब जायाला नको. हितंच मांडवाखाली बसायचं," दादा म्हणाले आणि दोघं खो खो हसले. मी हसले नाही. माझा नवरा दारूला शिवतही नव्हता. शुद्धीत मारायचा.

मग बागवाल्यानं विचारलंच, "कुनीकडं दौरा, पाव्हनं?"

"लेकीला नांदाया सोडाया चाल्लोय," दादा म्हणाले.

हे ते प्रत्येक वस्तीवर सांगायचे आणि ते ऐकलं की घरातली बाई लगबगीनं उठायची. आईविना पोर सासरी निघालीय, तिला मोकळ्या ओटीनं कसं पाठवायचं? मला पाटावर बसवायचं, हळदीकुंकू लावायचं, पदरात गहू, नारळ, खण घालायचा. "सुखानं नांद," म्हणायचं. ओटीला नको म्हणता येत नाही. पदर पसरावा लागतो आणि तोंडही हसरं ठेवावं लागतं. त्या बायांचा काही दोष नव्हता. त्या जीव लावून भरत होत्या आणि प्रत्येक ओटीबरोबर माझा परतीचा रस्ता बुजत होता.

त्या दिवशी बागवाल्याकडून निघून गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. "तुम्ही लोकांना सांगता कशाला?"

"मंग काय सांगू?"

"सांगा, लेक घरी आणलीय. दादा, गाडी वळवा. मी तुमच्या पाया पडते."

त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. मला वाटलं, वळवणार. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "येवढ्या जनींनी वट्या भरल्या, पोरी. आता कसं फिरायचं?"

अशा उत्तराशी भांडता येत नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही कालव्याच्या पाटाकडेला थांबलो होतो. पुणतांबा आता हाकेच्या अंतरावर होतं. दादांनी न सांगता सायकल उतरवली, दोन्ही चाकांत हवा मारली, साखळीला तेल दिलं. माझ्या हातात भाकरीचं फडकं ठेवून म्हणाले, "जा. लांबवर जाऊन ये." या वेळी मेटाडोर मागून आली नाही.

मी पाटाच्या कच्च्या रस्त्यानं जात राहिले. एका फाट्यावर श्रीरामपूरची पाटी होती. तिथं उतरून उभी राहिले. तिकडं स्टेशन होतं, गाड्या होत्या, पण त्या गाड्या मला ज्या गावांना नेणार तिथं माझं कोण होतं? बाभळीखाली बसून भाकरी खाल्ली आणि उन्हं डोक्यावर आल्यावर परत फिरले.

दादा गाडीच्या पायरीवर बसले होते. मला लांबून येताना बघून ते उठले नाहीत. त्यांचं तोंड पडलं. जवळ गेल्यावर मी रागानं म्हटलं, "एवढा उशीर झाला, शोधायला तरी यायचं."

ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, न्हाई यायचीस तू."

ते माझी वाट बघत नव्हते. मी निघून गेले असेन, या आशेवर बसले होते. मला ठेवून घ्यायची छाती त्यांच्यात नव्हती, पळून जायची माझ्यात नव्हती, आणि दोघांनीही ते काम दुसऱ्यावर टाकलं होतं. मी सायकल त्यांच्यापुढं धरली. त्यांनी सायकल टपावर बांधली. संध्याकाळच्या आत आम्ही सासरी पोचलो. सासूनं उशीर का झाला विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "गाडी लई तापत हुती."

पुढच्या दिवाळीनंतरही त्यांनी मेटाडोरच काढली आणि रस्ता आणखी लांबचा धरला. त्याच्या पुढच्या वर्षीही. पुणतांबा जवळ आलं की ते सायकल उतरवून हवा मारायचे आणि पाठ फिरवून बसायचे. मी निघायचे, आणि दुपारी परत यायचे.