बाहीतली कणीक

आईचे गुडघे दुखू लागले आणि तिचं गंगेवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालणं थांबलं. आम्हा नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच. गंगापूर रोडवरून गाडीने असा किती वेळ लागतो? पण मी नेत नव्हतो, आणि ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून मुलीबरोबर मालवणला समुद्राखालचे मासे बघायला निघालो, तेव्हा आईने दिलेली गोळ्यांची डबी मी निमूट घेतली.

"माझ्या नावाने घाल. आणि खातानाचा फोटो आण."

"आणतो," म्हणालो.

बोटीत मुलीने डबी पाहिली. "बाबा, नाही हं. त्यांना कणीक बाधते. त्यांचं खाणं खडकावर असतं."

मी डबी पिशवीत टाकली. तिची पाठ वळताच मात्र काही गोळ्या रबरी पोशाखाच्या बाहीत सारल्या.

प्रशिक्षकाने मला धरून खाली नेलं. कानांतला दडा सुटला, श्वास लयीत आला आणि भीती कुठल्या कुठे गेली. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले मासे खडक टिपत होते. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. इतकं बिनमहत्त्वाचं असण्यात केवढं सुख असतं!

तेवढ्यात बाहीतून पांढुरकं पाणी झिरपू लागलं. एक मासा खडक सोडून थेट मनगटाशी आला. बाही जरा सैल केली असती, तर आईला हवा तो फोटो मिळाला असता. मी बाही छातीशी घट्ट दाबली आणि दुसऱ्या हातातल्या पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याने त्याचा तसाच फोटो काढला.

बोटीत पोशाख उतरवताना लगदा मुलीच्या पायावर पडला.

"हे काय?"

"कणीक."

"बाबा! आजी परवडली, ती उघड तरी देते."

मी मान खाली घातली. ती हसत सुटली, तेव्हा कुठे मला हसू आलं.

घरी फोटो टीव्हीवर मोठा करून दाखवला. आईने चष्मा पुसला. "खाल्लं का रे याने?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही, आई. बाधेल म्हणून मी घातलंच नाही."

ती टीव्हीवरच्या त्या माशाकडे वाकली. मग म्हणाली, "बरं केलंस. पोट बघ त्याचं. जेवून उठलेला दिसतोय मेला."