न मागितलेली दुरुस्ती

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. एका घरात दोन जावा असल्या की एकीला तरी रागावता यायला हवं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना ते कधी जमलं नाही. मी त्यांना ताई म्हणते. ताईंच्या पायावर कुणी पाय दिला, तर 'माझाच मध्ये होता' असं म्हणून त्या पाय मागे घेतील. अशा बाईला लोक गरीब गाय म्हणतात आणि खुशाल दूध काढत राहतात.

थोरले दीर गेले तेव्हा सगळ्यांनी ताईंना सांगितलं, आता दोन घास आमच्यात खा आणि स्वस्थ बसा. घास खायला त्यांची ना नव्हती, स्वस्थ बसायला होती. कुणीतरी विकायला काढलेलं भरतकामाचं मशीन त्यांनी मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि शाळांच्या गणवेशावरचे बिल्ले भरायला सुरुवात केली. लॅपटॉपवर चित्र काढायचं, कुठे कोणता टाका आणि कोणता दोरा ते ठरवायचं, वायर जोडायची, मग सुई आपली आपण धावते. मशीन जुनं, त्याचं सॉफ्टवेअरही जुनं, ते नव्या सिस्टीमवर उघडतच नाही. म्हणून ताईंनी सेकंडहॅंड लॅपटॉपच्या दुकानांतून फिरून मुद्दाम जुन्या सिस्टीमचा लॅपटॉप शोधला होता. जाडजूड, दगडासारखा जड, झाकणाचा कोपरा उडालेला, आधीच्या मालकाने चिकटवलेला फुटबॉल अजून तसाच. त्याला इंटरनेट लावायचं नाही, त्यात दुसरं काही भरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. काम संपलं की त्या त्यावर स्वतः भरलेलं फडकं घालत.

आता आमचे हे. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोक ह्यांना बोलावतात, तेवढ्यावर ह्यांनी स्वतःला इंजिनियर ठरवून टाकलं आहे. शिवाय उपकार करायची खोड, आणि तीही माणूस घरात नसताना. ह्यांच्या घराण्यातच ती आहे. बाईला विचारणं म्हणजे तिला त्रास देणं, अशी ह्यांची पिढीजात समजूत. एकदा मी माहेरी गेले असताना ह्यांनी माझं स्वयंपाकघर 'सोयीचं' लावून ठेवलं. आल्यावर मी एकेक डबा आपटत परत जागेवर ठेवला, तेव्हापासून तिकडे कुणी हात लावत नाही. ताई आपटत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला सगळे उपकार.

दीर गेले त्याच महिन्यात ताई दोन दिवस आईकडे राहून आल्या. तेवढ्यात ह्यांनी दिरांचं कपाट रिकामं केलं. शर्ट, कोट, ताईंनी स्वतः विणलेला राखाडी स्वेटर, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. मी कामावरून परतले तोवर गाठोडी गेलीही होती. डोळ्यांसमोर राहिलं की वहिनींना त्रास होईल, हे म्हणाले. ताईंनी आल्यावर कपाट उघडलं, कप्प्यांत अंथरलेल्या नव्या कागदाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, बरं केलंत, भाऊजी. बाहेर सगळ्यांनी ह्यांना देवमाणूस म्हटलं. मला आजही तो शब्द ऐकला की कानशिलं तापतात.

तर एका सुट्टीच्या दिवशी ताई दोरे आणायला बाजारात गेल्या आणि हे मागच्या खोलीत शिरले. मी कपडे वाळत घालत होते. परत आले तर ह्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद. लॅपटॉप उघडा, पडद्यावर कुठल्याशा तळ्याचा फोटो. ह्यांनी जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली होती. वहिनींना सरप्राइज, म्हणे. ताईंच्या बिल्ल्यांच्या फाइली तेवढ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, एवढी अक्कल शिल्लक होती.

ताई आल्या. पिशवी हातातच ठेवून त्यांनी बिल्ल्याची फाइल उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. सॉफ्टवेअरची सीडी घातली, ती मध्येच थांबली. मशीनची वायर लावली, तर लॅपटॉपने मशीनला ओळखच दिली नाही. ताई खुर्चीत बसल्या. गणवेशवाल्याला शाळा उघडायच्या आत बिल्ले हवे होते. त्याच्याकडे नव्या मशीनवाले कारखानदार फेऱ्या मारत होतेच, एकदा वेळ चुकली की ताईंचं वर्षानुवर्षांचं काम तिकडे गेलं असतं. ते काम गेलं की ताई पुन्हा आमच्या दोन घासांवर. हे मला कळत होतं, ताईंना कळत होतं. ह्यांना सोडून सगळ्यांना कळत होतं.

हे म्हणाले, नवीन सॉफ्टवेअर घ्या. मग म्हणाले, मशीनच नवीन घ्या. मी म्हटलं, आधी होतं तसं करून द्या. तर म्हणाले, मागे कशाला जायचं, जग पुढे चाललंय. नाचता येईना अंगण वाकडं. त्यानंतर रोज ऑफिसातून आल्यावर हे लॅपटॉपसमोर बसायचे, काहीबाही दाबायचे आणि जेवायला उठायचे. ताई त्यांना चहा नेऊन द्यायच्या. चहा! मी असते तर कपच आपटला असता. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायची पाळी आली तरी ही बाई साखर किती विचारत होती.

शेवटी मीच कामावर रजा टाकली आणि ताईंना घेऊन लॅपटॉपच्या त्या दुकानात गेले. दुकानदार मोडक्या कीबोर्डांच्या ढिगामागे जेवत होता. त्याने लॅपटॉप उलटा करून मॉडेल पाहिलं आणि सांगितलं की कंपनीने ह्यात मूळ सिस्टीमची एक प्रत डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात लपवून ठेवलेली असते. चालू करताना अमुक बटण दाबून धरायचं, मग तो स्वतःच मूळपदाला येतो. बाकीचं सगळं पुसलं जाईल, म्हणून आपलं काम आधी पेन ड्राइव्हवर घ्या. नंतर घास थांबवून त्याने विचारलं, "तो कप्पा कुणी जागा करायला उडवला नाही ना? उडवला असेल तर माझ्याकडेही इलाज नाही."

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, एक छोटासा निरुपयोगी कप्पा दिसला होता खरा, तो काढायचा विचार होता, काढला की नाही ते आठवत नाही.

आठवत नाही! दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा आणि पाय कोणता होता तेही आठवत नाही. मी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

ताई मागच्या खोलीत गेल्या. मीही गेले. त्यांनी बिल्ले पेन ड्राइव्हवर उतरवले, पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला, लॅपटॉप बंद केला आणि ते बटण दाबून पुन्हा चालू केला. पडदा काळाच राहिला. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. मग एक पांढरी रेघ आली, खाली एक प्रश्न आला: सगळं पुसून मूळ स्थितीला जायचं का? कप्पा शाबूत होता. ताईंनी लगेच 'होय' दाबलं.

पुष्कळ वेळ लागला. मी भाजी तिथेच आणून निवडली, ताई रिळं रंगांप्रमाणे लावत राहिल्या. अखेर ती जुनी निळी खिडकी आली, सीडी चालली, वायर लावल्यावर मशीनचा हिरवा दिवा लागला. ताईंनी कापड चौकटीत ताणून बसवलं आणि पहिला बिल्ला सुरू केला.

आवाज ऐकून हे दारात आले. पडलो तरी नाक वर! म्हणाले, "बघा वहिनी, काही बिघडलं नव्हतं. उगाच घाबरलात तुम्ही."

मी तोंड उघडलं. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मशीन थांबवलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, आवाज नेहमीचाच, "हे परत आणायला बटण होतं. त्यांच्या स्वेटरला नव्हतं. तो मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

ह्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी ताईंच्या वाट्याचं रागावत आले, भांडी आपटली, अबोले धरले, आणि माझ्या कुठल्याच रागाने ह्यांचा चेहरा कधी असा झाला नव्हता.

"आता या खोलीत यायचं तर विचारून यायचं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. ह्यांनी दारातून काहीतरी म्हटलं असावं, ओठ हललेले मी पाहिले. मशीनच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही, आणि ताईंनी मशीन थांबवलं नाही.